स्नेकला नाक असतं का रे?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन दोन्ही बंद होतं. आता डोळे स्वच्छ झालेत आणि डोक्यात साठलेलं बाहेर यायची घाई करतंय.

निमित्त झालं नातीचं. कसल्याशा प्रवेश परीक्षेसाठी ती इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करतेय. परवा वैतागून वही घेऊन माझ्याकडे आली. "आजी, हे बघ. ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिमर, ग्लेअर. सगळ्यांचा अर्थ चमकणे. कसे लक्षात ठेवायचे?"

मी तिला म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव. निखारा कसा दिसतो? दवात भिजलेलं पान कसं दिसतं? साडीवरची टिकली? समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा? निखारा फुललेला असतो, आतून शांत उजळतो, तो ग्लो. ओल्या पानाची चमक म्हणजे ग्लिसन. टिकल्यांची झगमग म्हणजे ग्लिटर. लांबच्या खोपटातला मिणमिणता दिवा ग्लिमर. सुरीच्या पात्यावरून क्षणभर चमकून जाते ती तिरीप ग्लिंट. घासलेल्या पितळेची लकाकी ग्लीम. आणि ट्रकच्या दिव्यासारखा डोळ्यांत घुसतो तो ग्लेअर. पाच मिनिटांत तिचे सातही शब्द झाले. मग तिनं सहज विचारलं, "पण आजी, सगळे जी-एलनीच का सुरू होतात?"

आणि मी गप्पच झाले. कारण हाच प्रश्न, थोड्या वेगळ्या अक्षरांचा, मला चाळीस वर्षांपूर्वी एकानं विचारला होता. त्याला मी काय उत्तर दिलं ते सांगायचं म्हणून हा लेख.

साल १९८४. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. तालुक्याच्या गावी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे. इंग्रजीचे सर बदलून गेले आणि आठवीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगते, मला इंग्रजीची भीती वाटायची. रात्री गाइड वाचायचे, डिक्शनरीतून उच्चार उतरवून घ्यायचे आणि सकाळी वर्गात असा आव आणायचे की हे सगळं मला जन्मापासून येतं.

एके दिवशी फळ्यावर शब्द लिहीत होते. स्नीझ म्हणजे शिंकणे, स्नोअर म्हणजे घोरणे, स्निफ म्हणजे हुंगणे. मागच्या बाकावर एक मेंढपाळाचा मुलगा बसायचा. वर्षातले चार महिने शाळेत नसायचा, पण कान तिखट. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, नाकाचं समदं एस-एनवरनंच हाय व्हय?"

मला उत्तर येत नव्हतं. आणि येत नाही हे कबूल करायची हिंमतही नव्हती. मी म्हटलं, "असं काही नसतं. मग स्नेकला नाक असतं का रे?"

वर्ग खो खो हसला. तोही कसनुसं हसला आणि खाली बसला. इंग्रजीच्या तासाला त्यानं पुन्हा हात वर केलेला मला आठवत नाही. पुढे दहावीला तो इंग्रजीत राहिला. तेव्हा कितीतरी मुलं इंग्रजीत राहायची. तो माझ्यामुळेच राहिला असं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं समजणं होईल. पण तो हात मी खाली पाडला, एवढं मात्र खरं.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं की त्या मुलानं जे विचारलं होतं तो भाषाशास्त्रातला एक नामांकित प्रश्न आहे. त्यावर मोठमोठ्या लोकांनी लिहून ठेवलंय. जॉन वॉलिस नावाचा इंग्रज गणिती होता. अनंताचं चिन्ह, ते आडवं पडलेलं आठ, त्यानंच रूढ केलं. त्यानं १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लॅटिन भाषेत लिहिलं. त्यात त्यानं इंग्रजी शब्दांची सुरुवातीची अक्षरं घेऊन, अमुक अक्षरांनी सुरू होणारे शब्द अमुक अर्थाकडे झुकतात, अशी चक्क यादी दिली आहे. पुढे जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञानं १९३० साली अशा अक्षरगटांना 'फोनेस्थीम' हे नाव दिलं. हे फर्थसाहेब त्याआधी १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. म्हणजे आपल्या इकडच्या मुलांना शिकवून गेलेले! त्यांच्याही वर्गात कुणी मागच्या बाकावरून असा प्रश्न विचारला असेल का, असं उगाच मनात येतं.

आता यात गंमत काय आहे ती सांगते. उपसर्ग आपल्याला माहीत असतात. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार यांत शेवटचा 'हार' सुटा काढता येतो आणि पुढचे आ, वि, प्र, सम्, परि हेही सुटे काढता येतात. इंग्रजीतही तसंच. 'सब-कमिटी'तला 'सब' म्हणजे आपला 'उप', उपसमितीतला. तो काढला तरी मागे 'कमिटी' हा धडधाकट शब्द उरतो. पण ग्लिटरमधून जी-एल काढा. मागे काय उरतं? 'इटर'. त्याला काहीच अर्थ नाही. म्हणजे जी-एल हा उपसर्ग नव्हे. तरीसुद्धा इतके चमकणारे शब्द त्याच्याभोवती गोळा झालेत. हे कोडं आहे ते असं.

काही शब्द एका घराण्यातले म्हणून सारखे दिसतात. ग्लास, गोल्ड, यलो आणि आपल्याकडचे हिरण्य, हरित हे सगळे फार जुन्या एकाच धातूतून आले असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'ग्लॅड' म्हणजे आनंदी, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चमकदार, उजळ असाही होता. आपणही म्हणतोच की, चेहरा उजळला.

पण सगळेच काही जन्माचे नातलग नसतात. काही दत्तक येतात. याचं सर्वांत गोड उदाहरण नेमकं स्नीझचंच आहे! जुन्या इंग्रजीत शिंकण्याच्या शब्दाची सुरुवात एस-एननं नव्हतीच, एफ-एननं होती. 'फ्नीझ' म्हणा हवं तर. हळूहळू एफ-एननं सुरू होणारे शब्द भाषेतून नाहीसे होत गेले आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास शिंक एस-एनच्या वाड्यात राहायला आली. जुन्या लिखाणात लांब एस हा एफसारखा दिसे, त्या गोंधळाचाही हात असावा. पण ती नेमकी त्याच वाड्यात का टिकली? कारण तिथे नाकवाली मंडळी आधीच वस्तीला होती. स्नाउट म्हणजे जनावराचं पुढे आलेलं नाक-तोंड, स्नॉट म्हणजे शेंबूड, स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणं. स्नफ म्हणजे तपकीर, तीही नाकातच जायची. आणि स्नीअर म्हणजे तुच्छतेनं हसणं. त्यासाठीही आपण नाकच मुरडतो. समविचारी लोकांची वस्ती बघून बिऱ्हाड करावं, तसं शब्दांचंही होतं.

म्हणजे त्या मुलाचं म्हणणं बरोबर होतं. 'समदं' नव्हे, पण पुष्कळसं.

आणि माझ्या स्नेकचं काय? तर त्या स्नेकचीसुद्धा वेगळी भावकी निघाली. स्नेक आणि स्नेल, साप आणि गोगलगाय, दोघांची नावं सरपटणे या अर्थाच्या एकाच जुन्या धातूतून आली असं मानतात. ज्या उदाहरणानं मी त्याला गप्प केलं, ते उदाहरणही सुरुवातीच्या अक्षरांचं नातंच सांगत होतं! आता बोला.

माझ्या आवडीची जोडी मात्र डब्ल्यू-आर. रिस्ट म्हणजे मनगट, हाताला वळवणारा सांधा. रिंग म्हणजे कपडा पिळणे (अंगठीची रिंग वेगळी). रेंच म्हणजे पाना, नट पिळायचा. रिंकल म्हणजे सुरकुती. रीद म्हणजे फुलांचं गोल चक्र. रिगल म्हणजे वळवळणं. रॅप म्हणजे गुंडाळणं. आणि राँग? त्याचा मूळ अर्थच मुळी वाकडा. सगळीकडे पीळ नाहीतर वळण. वॉलिसनं साडेतीनशे वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलंय.

आता हा डब्ल्यू मुका का? तर तो पूर्वी मुका नव्हता. रिस्टचा उच्चार 'व्रिस्ट'सारखा होत असे. मग मी आपली 'व' घेऊन बसले आणि अंगावर काटा आला. वळणे, वाकणे, वेढा, वेणी, वळसा, विळखा, वेटोळं, वळकटी, वळवळ, वाकडं, वर्तुळ! आपल्या मराठीतही 'व'च्या वाड्यात ही सगळी वळणावळणाची मंडळी राहतात. यातल्या वर्तुळाचं, म्हणजे 'वृत्'चं, इंग्रजी डब्ल्यू-आरशी दूरचं रक्ताचं नातंही मानतात. बाकीचे सगळे एका आईची लेकरं नव्हेत. वड, वाघ, वारा, वही यांत वळण शोधायला जाऊ नये. पण शेजार जमलाय खरा.

के-एनचा मुका 'के' हीही तीच कथा. आमची मुलं 'क्नी', 'क्नो', 'व्राँग' असं वाचायची आणि मी पट्टी आपटायचे. आता कळतं की १४०० साली वारलेला चॉसर त्या वर्गात येऊन बसला असता, तर त्याला माझ्यापेक्षा त्या मुलांचाच उच्चार घरचा वाटला असता. आणि 'नी' म्हणजे गुडघा हा आपल्या 'आजानुबाहू'मधल्या 'जानु'चा भाऊ, तर 'नो' म्हणजे जाणणे हा 'ज्ञा'चा. आम्ही ज्या अक्षराला निरुपयोगी म्हणून हसायचो, त्या अक्षरात संस्कृतशी नातं सांगणारी खूण होती.

आता कुणी म्हणेल, हे सगळे योगायोग. शब्द आणि अर्थ यांचं नातं केवळ संकेतानं ठरलेलं असतं, झाडाला झाड म्हणण्यात झाडासारखं काही नाही, हे सोस्यूर या स्विस पंडितानं सांगितलं. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९१६ साली निघालं आणि आजही तेच पायाभूत मानतात. आपल्याकडे हा वाद त्याहून किती जुना! यास्काच्या 'निरुक्ता'त कावळ्याला 'काक' हे नाव त्याच्या आवाजावरून पडलं असं म्हटलंय, आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं असंही. तिथेच औपमन्यव या आचार्यांचं उलट मतही नोंदवलंय की शब्द आवाजाच्या नकलेतून होत नाहीत. यास्कानं त्यांना वर्गात हसवून खाली बसवलं नाही. मत लिहून ठेवलं!

मला वाटतं, दोन्ही बाजू खऱ्या आहेत. नियम नाही, पण कल आहे. आणि तो कल नुसता पुस्तकात नसून बोलणाऱ्याच्या मनात असतो. २००४ साली बेंजामिन बर्गेन या संशोधकानं प्रयोग करून दाखवलं की ग्लिटरसारखा शब्द आधी दिसला, तर ग्लोसारखा शब्द माणसं अधिक चटकन ओळखतात. नुसता अर्थ जुळणाऱ्या किंवा नुसती अक्षरं जुळणाऱ्या जोड्यांत तेवढा फायदा दिसला नाही. अक्षर आणि अर्थ दोन्ही जुळले की मनात दिवा लागतो.

मग त्या मेंढपाळाच्या पोराच्या मनात दिवा कसा लागला? इंग्रजीशी त्याची ओळख जेमतेम तीन वर्षांची. माझं उत्तर असं, की त्याचा मराठीचा कान तयार होता. मराठी ही या बाबतीत केवढी श्रीमंत भाषा आहे! धपकन, धाडकन, धडक, धक्का, धबधबा या 'ध'मध्ये वजन पडतं. सुळकन, सरसर, सरकणे, सटकणे, सरपटणे या 'स'मध्ये काहीतरी निसटतं, अगदी इंग्रजी एस-एलमधल्या स्लिप, स्लाइड, स्लाइमसारखं. घसा, घास, घोट, घुटका, घटाघटा, घोरणे, घुसमट, हा 'घ' कंठातला. आणि नाकाचं म्हणाल तर शिंक, शिंकरणे, शेंबूड! आपल्याकडेही नाकाचा एक वाडा आहेच. हे सगळं ऐकत जो वाढला, त्यानं इंग्रजी शब्द कानानं ऐकले आणि त्याला वाडा दिसला. मला दिसला नाही, कारण मी ते शब्द डोळ्यांनी गाइडमधून उतरवून घेत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते शिक्षक असलेल्या भाच्या-पुतण्यांना मुद्दाम सांगते. मराठी शाळेतलं मूल इंग्रजीच्या तासाला रिकाम्या हातानं येत नाही. त्याच्याजवळ आपल्या भाषेचा कान असतो. आपण तो चपलांसारखा वर्गाबाहेर काढून ठेवायला लावतो आणि मग म्हणतो, मुलांना इंग्रजीची गोडी नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, चांगलं झालं. पण पहिलीपासून पाठांतरच असेल तर चार वर्षं आधी भीती सुरू होते, इतकंच.

मात्र नुसत्या अंदाजावरही सोडू नका. 'इन' म्हणजे 'नाही' हे एकदा कळलं की मूल इनफ्लेमेबलचा अर्थ 'न पेटणारं' असा लावतं. प्रत्यक्षात तो पेट्रोलच्या टँकरवर लिहिलेला असतो आणि त्याचा अर्थ चटकन पेट घेणारं! तिथला 'इन' नकाराचा नाही, तो लॅटिनमधल्या पेटवणे या क्रियापदातूनच आलेला आहे. तसंच पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन, पायाचा, तर पीडिअ‍ॅट्रिशियनमधला ग्रीक, मुलाचा. लेखनात दोघेही पी-ई-डी, पण ओळख ना देख. आणि ग्लू, ग्लोब हे जी-एलच्या वाड्यात लॅटिनकडून आलेले पाहुणे आहेत, त्यांना चमकायला सांगू नये. म्हणून मुलाला आधी अंदाज बांधू द्यावा, त्याचं कौतुक करावं, आणि मग त्याच्याच हातानं कोश उघडायला लावावा. अंदाज चुकला तरी तो शब्द जन्मभर लक्षात राहतो.

नातीला मी हे सगळं सांगितलं, त्या मुलाचीही गोष्ट सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी, मग स्नॅकचं काय? त्यात कुठे नाक आहे?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. आण डिक्शनरी, बघू."

तिनं मोबाइलवरच पाहिलं. स्नॅक म्हणजे मुळात कुत्र्यानं तोंड घालून पटकन घेतलेला चावा. स्नाउटच्या अगदी शेजारचं बिऱ्हाड! दोघी खूप हसलो.

"मला माहीत नाही, बघू" हे चार शब्द १९८४ साली मला सुचले असते तर? तो मुलगा आता पंचावन्नच्या आसपास असेल. कुठे असतो, काय करतो, कुणाकडून कळलं नाही. त्याच्या घरात एखादं नातवंड इंग्रजीचे शब्द पाठ करत बसलेलं असेल, आणि त्याच्या बाईंनी त्याचा हात वर राहू दिलेला असेल, अशी आशा करते.

असो. मी आता एका वहीत असे वाडे लिहायला घेतलेत. एका पानावर इंग्रजी, समोरच्या पानावर मराठी. 'झ'चं पान झगमग, झळक, झळाळी, झिलई यांनी छान भरलंय. 'ठ'चं पान मात्र ठेच, ठोसा, ठोकर यांच्यापुढे सरकत नाही. तुमच्या गावाकडचे काही शब्द आठवले तर जरूर कळवा. अंदाजानं कळवलेत तरी चालेल. इथे कुणी हसणार नाही.